पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर : रक्तस्रावाचा विकार असलेल्या मुलींसाठी आणि त्यांच्या आयांसाठी

पाळीच्या वेळी अंगावरून फार जाते, असे एखादी मुलगी सांगते तेव्हा बहुतेक घरांत तिला मिळणारे उत्तर ठरलेले असते : ‘आपल्याकडे सगळ्यांनाच असं जातं, लग्नानंतर होईल ठीक.’ हे उत्तर धीर देण्यासाठी असते. परंतु निदानाचा सर्वांत महत्त्वाचा धागा त्यातच असतो, कारण आजी, आई, मावशी आणि मुलगी अशा सगळ्यांनाच जास्त जात असेल तर तो रक्त गोठण्याचा आनुवंशिक विकार असू शकतो. अशा विकारांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे व्हॉन विलेब्रँड आजार, आणि तो मुलगे व मुली दोघांनाही होतो. एरिक व्हॉन विलेब्रँड या फिनलंडमधील डॉक्टरांनी १९२६ मध्ये ऑलंड बेटांवरील ज्या कुटुंबावरून त्याचे वर्णन केले, त्यातील मुलगी वयाच्या तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीतील रक्तस्रावाने दगावली. आज असे घडू नये यासाठी लागणारी औषधे उपलब्ध आहेत. उशीर होतो तो बहुधा ओळखण्यात.

पाळीत गर्भाशयाचे अस्तर सुटते आणि तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करण्यासाठी प्लेटलेट्स तेथे चिकटाव्या लागतात, त्यांना चिकटवणारे प्रथिन म्हणजे व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, आणि त्यावर फायब्रिन या धाग्यासारख्या प्रथिनाची जाळी तयार झाली की रक्त थांबते. यातील कोणताही दुवा कच्चा असेल तर दर महिन्याला नको तितके रक्त जाते. हिमोफिलिया, म्हणजे फॅक्टर आठ किंवा नऊ या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाची आनुवंशिक कमतरता, हा पुरुषांचाच आजार आहे, हा समजही सोडून द्यायला हवा. वडिलांना हिमोफिलिया असेल तर त्यांची प्रत्येक मुलगी वाहक असते, म्हणजे सदोष जनुक तिच्यात असतो, आणि वाहक स्त्रीच्या रक्तातील या फॅक्टरचे प्रमाण ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तिलाही हिमोफिलियाची रुग्ण मानले जाते. म्हणून घरात हिमोफिलियाचा मुलगा असेल, तर त्याच्या आईची आणि बहिणींची फॅक्टर पातळी एकदा तरी मोजून घ्यावी, आणि ती बहिणींची पाळी सुरू होण्यापूर्वी मोजलेली बरी.

जास्त म्हणजे किती, हे अंदाजाने न ठरवता वहीत लिहून ठरवावे. पाळी सात दिवसांपेक्षा अधिक चालणे, एका-दोन तासांत पॅड भिजून बदलावे लागणे, रात्री पॅडसाठी उठावे लागणे, अंथरुणाला डाग लागणे आणि इंचभर किंवा त्याहून मोठ्या गाठी पडणे ही दखल घेण्याजोगी लक्षणे आहेत. यापेक्षाही नेमकी नोंद हवी असेल तर डॉक्टर वापरतात ती गुणपद्धत घरीही वापरता येते : किंचित डाग पडलेल्या पॅडला १ गुण, अर्धवट भिजलेल्याला ५, पूर्ण भिजलेल्याला २०, लहान गाठीला १, मोठ्या गाठीला ५. समजा, पहिल्या दिवशी तीन पॅड अर्धवट भिजले, दुसऱ्या दिवशी पाच पूर्ण भिजले आणि दोन मोठ्या गाठी पडल्या, तर दोन दिवसांतच बेरीज १५, १०० आणि १० मिळून १२५ होते. संपूर्ण पाळीची बेरीज १०० च्या वर गेली, तर रक्तस्राव बहुधा ८० मिलिलिटरपेक्षा जास्त आहे, म्हणजे तपासणीस पात्र आहे, असे समजावे. कापड वापरणाऱ्या मुलींना हे गुण जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यांनी कापड किती तासांनी बदलावे लागले ते लिहावे. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्यांना तर त्यावरील खुणांवरून मिलिलिटर थेट वाचता येतात.

त्याच वहीत पाळीखेरीजची लक्षणेही लिहावीत. घोळणा वारंवार फुटतो का आणि दहा मिनिटे दाबूनही वाहतो का, दात काढल्यावर किती वेळ रक्त आले, हिरड्यांतून रक्त येते का, मार लागल्याचे आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग पडतात का, आईला बाळंतपणानंतर रक्त चढवावे लागले होते का, हे प्रश्न स्त्रीरोगतज्ज्ञांच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात कोणी विचारेलच असे नाही. मुलीने किंवा आईने ती वही स्वतःहून पुढे करावी. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बीजांड नियमित तयार होत नाही आणि त्यामुळेही पाळी लांबते, हे खरे आहे. पण ‘वयामुळे आहे’ असे सांगून वहीतील बाकीच्या नोंदी बाजूला ठेवल्या जात असतील, तर तपासणीचा आग्रह नम्रपणे पण ठामपणे धरावा.

पहिल्या टप्प्यात हिमोग्लोबिनसह संपूर्ण रक्तगणना, रक्ताची काच (सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी), पीटी व एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणाऱ्या चाचण्या), फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनते ते प्रथिन) आणि फेरिटिन (लोहाच्या साठ्याचे माप) या तपासण्या करतात. फेरिटिन १५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपेक्षा कमी असेल तर शरीरातील लोहाचा साठा रिकामा झालेला असतो, मग हिमोग्लोबिन अजून बरे दिसत असले तरी. येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : पीटी आणि एपीटीटी नॉर्मल आले म्हणून व्हॉन विलेब्रँड आजार किंवा प्लेटलेट्सचा कार्यदोष नाही, असे ठरत नाही. त्यासाठी व्हॉन विलेब्रँड फॅक्टरचे प्रमाण, त्याची कार्यक्षमता, फॅक्टर आठ आणि गरज पडल्यास प्लेटलेट्सच्या कार्याची चाचणी वेगळी सांगावी लागते. ताप, ताण, धावपळ, गरोदरपण आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांमुळे या फॅक्टरची पातळी तात्पुरती वाढते, त्यामुळे एकदा नॉर्मल आलेली चाचणी पुन्हा करावी लागू शकते, आणि ती पाळीच्या पहिल्या काही दिवसांत केलेली चांगली. ओ रक्तगटाच्या व्यक्तींत ही पातळी मुळातच काहीशी कमी असते. नमुना बर्फात ठेवून दूर पाठवला तर निकाल चुकू शकतो, म्हणून ही चाचणी जेथे होते तेथेच जाऊन रक्त देणे श्रेयस्कर. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिर संस्थेत या विकारांवर विशेष काम चालते.

उपचारांत पहिले नाव ट्रानेक्झॅमिक अॅसिडचे. हे संप्रेरक नाही. झालेली गुठळी लवकर विरघळू नये एवढेच ते करते, आणि प्रौढ स्त्रीला साधारणपणे १ ग्रॅम दिवसातून तीन वेळा, पाळीच्या जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत, अधिकाधिक पाच दिवस देतात. मुलीचा डोस डॉक्टरांनीच ठरवावा, आणि पूर्वी शिरेत गुठळी झाली असेल किंवा लघवीतून रक्त जात असेल तर ते आधी सांगावे. औषधाच्या दुकानात मात्र डोळ्यांत तेल घालून पाकीट वाचावे, कारण आपल्याकडे ट्रानेक्झॅमिक अॅसिड आणि मेफेनॅमिक अॅसिड यांची एकत्र गोळी सर्रास दिली जाते. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन प्लेटलेट्सचे काम मंदावतात, म्हणून रक्तस्रावाच्या विकारात ती टाळतात. पोटदुखीसाठी घरोघरी असलेल्या मेफ्टल-स्पासमध्येही मेफेनॅमिक अॅसिडच असते. अशा मुलीच्या पोटदुखीला पॅरासिटामॉल आणि शेक बरा. स्नायूत द्यायचे इंजेक्शनही डॉक्टरांना आपला विकार सांगितल्याशिवाय घेऊ नये.

कुमारिकेला गर्भनिरोधक गोळ्या कशा द्यायच्या, या विचाराने अनेक आया बिचकतात. त्यांना मला मनापासून सांगायचे आहे की येथे ती गोळी गर्भाशयाचे अस्तर पातळ ठेवणारे औषध म्हणून दिलेली असते, आणि बीजांड बाहेर पडताना अंडाशयात होणारा रक्तस्रावही ती रोखते. या विकारांत पाळीच्या मधल्या दिवसांत ओटीपोटात अचानक तीव्र दुखले तर त्या रक्तस्रावाची शंका घ्यायची असते. मोठ्या स्त्रियांसाठी लेव्होनॉरजेस्ट्रेलची संप्रेरकयुक्त तांबी अनेक वर्षे उपयोगी पडते. साध्या तांब्याच्या तांबीने मात्र रक्तस्राव वाढतो, तेव्हा दोन्हींत गल्लत होऊ देऊ नये. एवढ्याने भागले नाही तर डेस्मोप्रेसिन (शरीरातील साठ्यातून फॅक्टर रक्तात सोडायला लावणारे औषध) किंवा फॅक्टरचे इंजेक्शन देतात. डेस्मोप्रेसिन घेतल्यावर पाणी किती प्यायचे हे विचारून घ्यावे, कारण जास्त पाण्याने रक्तातील सोडियम घसरू शकते. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही, आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवावी.

गर्भाशयाची पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर घाई करू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांवरील अशा शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य सरकारला २०१९ मध्ये समिती नेमावी लागली होती, इतका हा निर्णय आपल्याकडे सहज घेतला जातो. रक्त गोठण्याची तपासणी न करता केलेले क्युरेटिंग (गर्भाशयाचे अस्तर खरवडून काढणे) किंवा पिशवीची शस्त्रक्रिया रक्तस्रावाचा विकार असलेल्या स्त्रियांच्या जिवावर बेतू शकते.

निदान लहानपणीच झाले असेल तर पहिल्या पाळीची तयारी आधीपासून करावी. स्तनांची वाढ सुरू झाली की साधारण दोन-तीन वर्षांत पाळी येते, तेव्हा त्या काळात रक्तविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याकडून लेखी सूचना घेऊन ठेवाव्यात, औषध घरात आणून ठेवावे आणि शाळेतील एका विश्वासू बाईंना कल्पना द्यावी. लागोपाठ दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल, चक्कर येत असेल, धाप लागत असेल किंवा मुलगी पांढरीफटक पडली असेल, तर सकाळपर्यंत न थांबता रुग्णालय गाठावे.

गरोदरपणात फॅक्टर आठ आणि व्हॉन विलेब्रँड फॅक्टर बहुतेकींत वाढतात, फॅक्टर नऊ मात्र फारसा वाढत नाही. म्हणून शेवटच्या तिमाहीत पातळी पुन्हा मोजून प्रसूतीची जागा ठरवावी, आणि ती फॅक्टर व रक्तपेढीची सोय असलेली असावी. वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला हिमोफिलिया असण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून प्रसूतीत व्हॅक्यूम किंवा चिमटा लावून बाळ ओढणे टाळण्याचे आधीच बोलून ठेवावे, नाळेच्या रक्तातून फॅक्टर तपासावा आणि निकाल येईपर्यंत बाळाला मांडीत इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. बाळंतपणानंतर वाढलेली पातळी एक ते तीन आठवड्यांत मूळ पातळीवर येते, आणि नेमकी तेव्हा बाळंतीण घरी किंवा माहेरी असते. घरी सोडताना ट्रानेक्झॅमिक अॅसिड किती दिवस घ्यायचे, रक्तस्राव पुन्हा वाढला तर कोणत्या क्रमांकावर फोन करायचा आणि पुढची तपासणी कधी, हे तिघांसाठीही, म्हणजे तिच्यासाठी, नवऱ्यासाठी आणि तिच्या आईसाठी, कागदावर लिहून मागावे.