इतिहास शिकवायला आलात? आधी मुलांचा तालुका विचारा

गोव्यात माध्यमिकला इतिहास शिकवायला लागलेल्यांना पाठाची टाचणं, गुणांची वाटणी वगैरे मी सांगायला नको. मी ज्यात फसले ते एवढंच सांगते.

"१५१० साली गोवा पोर्तुगीजांकडे गेला, ४५१ वर्षं राज्य." पेडण्यातल्या वर्गात हे फळ्यावर लिहिलं आणि मागून प्रश्न आला, "टीचर, आमचो गांवय तेन्नाच गेल्लो?" नव्हता गेला. १५१०मध्ये आल्बुकर्कनं घेतली ती तिसवाडी. बार्देश आणि साष्टी १५४३ला. फोंडा १७६३ला आणि पेडणे थेट १७८८ला. त्या मुलाच्या गावावर पोर्तुगीज अंमल पावणेदोनशे वर्षंही भरत नाही! जुन्या काबिजादी (आधी घेतलेले तालुके), नव्या काबिजादी (नंतर घेतलेले) ही नावं मुलं घडाघडा म्हणतात. मधली सव्वादोनशे वर्षं मात्र कुणाच्या लक्षात येत नाहीत. ती सुटली की पुढचं काही जुळत नाही. देवळं फोंड्याकडेच का गेली, साष्टीत चर्च एवढी का, राणे पोर्तुगीजांविरुद्ध सत्तरीतूनच का उठले, सगळं नुसतं पाठांतर होतं. गाईडमध्ये हे एका ओळीत उरकलेलं असतं, म्हणून गाईड वर्गात आणूच नका.

तालुक्यांचा कोरा नकाशा वाटा आणि देवळं कुठून कुठे हलली ते सांगा. मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. पेन्सिलीनं रेघा ओढायला लावा. तिन्ही रेघा जुवारी ओलांडतात. "नदीपलीकडेच का?" एवढं विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं भारी जड जातं, पण उत्तर मुलांकडूनच येतं: पलीकडे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं.

इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाखाली खटले चालवणारं धर्मपीठ (१५६० ते १८१२, मधला थोडा खंड सोडून), शिकवताना जीभ सांभाळा. एकाच बाकावर नाईक आणि डिसोझा बसलेले असतात. "त्यांनी आपल्याला" असं एकदा तोंडून गेलं की वर्ग हातचा गेलाच समजा. धर्मपीठ म्हणा, सरकार म्हणा. खटले भरलेल्यांत नवख्रिस्तीही मोठ्या संख्येनं होते, हेही सांगा.

सीनियर मंडळी "आधी पोर्शन संपव" म्हणतील. त्यांचं अगदीच चूक नाही, पण नकाशाला एकच तास लागतो आणि पुढचे तास वाचतात. पहिल्या वर्षी वर्गात गोंगाट होईल. होऊ द्या, सगळ्यांचाच होतो.

गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, यावरच्या १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलासाठी मुलांना घरी पाठवा. आजी-आजोबांना विचारायचं, फूल की दोन पानं? विलीनीकरणवाल्यांचं फूल, विरोधकांची दोन पानं. एकाच घरात दोन्ही निघतात. मात्र उत्तरं नावानिशी वर्गात वाचून घेऊ नका. वह्या गोळा करा आणि फक्त कारणं फळ्यावर लिहा. नाहीतर दुसऱ्या दिवशी पालक ऑफिसात हजर.