बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी करून हॉस्टेलवर परतताय? या चुका टाळा

पुण्यातल्या बॅरिअ‍ॅट्रिक ओपीडीत, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन करणाऱ्या विभागात, मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. पूर्वी समोरच्या खुर्चीत चाळिशी-पन्नाशीतले, मधुमेहाने गांजलेले लोक असायचे. आता एकोणीस-बावीस वर्षांची मुलंमुली येतात. कुणाला पीसीओडी, कुणाचा झोपेत श्वास अडकतो, कुणाचे गुडघे आत्ताच कुरकुरायला लागलेत. त्यांनी ऑपरेशन करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याला खरी गरज आहे त्याने साखर, रक्तदाब मागे लागायच्या आत केलेलं चांगलंच. पण या वयातल्या मुलांच्या चुका ठरलेल्या आहेत, आणि बहुतेक चुका ऑपरेशन थिएटरात होत नाहीत, मेसच्या रांगेत आणि हॉस्टेलच्या खोलीत होतात. त्याच त्या बघून जीव कळवळतो, म्हणून लिहायला घेतलं.

सुट्टी बघून तारीख घेणं

पहिला प्रश्न हमखास हाच असतो: "मॅडम, कॉलेजला कधी जाता येईल?" दुर्बिणीतून ऑपरेशन होतं, दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, आठ-दहा दिवसांत माणूस चालता-फिरता होतो. एवढं कानावर पडलं की मुलं दिवाळीच्या सुट्टीत बसवून टाकतात. पण 'स्लीव्ह' प्रकारच्या ऑपरेशनमध्ये जठराचा जवळजवळ पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकलेला असतो. उरलेल्या नळीला आतून टाके असतात आणि ते भरून यायला वेळ लागतो. म्हणून पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे घोटलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड महिन्याने नेहमीचं जेवण. मुगाचं कढण, गाळलेलं सूप, ताक, घोटलेली डाळ हे सगळं तुम्हाला मेसमध्ये कोण करून देणार?

मी तारीख विचारायच्या आधी सेमिस्टरचं वेळापत्रक मागते. परीक्षा संपल्यावर उन्हाळ्याची सुट्टी आणि सहा आठवडे घरी, हे जमत नसेल तर ऑपरेशन पुढे ढकला. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूच्या आत बारीक दिसायचं आहे म्हणून घाई करणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. आणि सुट्टी वाढवायची वेळ आली तर हजेरीसाठी लागणारं प्रमाणपत्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या, नंतर खेटे घालावे लागतात.

निकषात बसायला वजन वाढवणं

आपल्याकडे डॉक्टर सर्वसाधारणपणे बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३७.५ च्या वर, किंवा मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ च्या वर ऑपरेशनचा विचार करतात. उंची १६५ सेंटिमीटर असेल तर ३७.५ म्हणजे साधारण १०२ किलो. आरोग्य विम्याचा निकष मात्र वेगळा आहे. विमा नियामकाने घालून दिलेल्या अटींत वय १८ पूर्ण हवं आणि बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. हा फरक घरात कुणालाच ठाऊक नसतो. मग क्लेम नाकारला जातो, किंवा मुलगा 'अजून तीन किलो हवेत' म्हणून रोज रात्री चीज-पावभाजी खात बसतो. हे ऐकलं की माझा संताप होतो. ज्या लिव्हरवर चरबी साठली म्हणून ऑपरेशन करायचं, त्याच लिव्हरवर आणखी चरबी चढवायची! पॉलिसीचा कागद ऑपरेशन ठरवण्याच्या आधी वाचा. प्रतीक्षा काळ किती आहे तेही त्यातच लिहिलेलं असतं.

ऑपरेशनआधीच्या पंधरवड्यातला 'शेवटची मिसळ, शेवटची बिर्याणी' हा कार्यक्रमही त्याच जातीचा. त्या दिवसांत कमी उष्मांकाचा पातळ आहार देतात तो लिव्हर आकसावं म्हणून. लिव्हरचा डावा भाग जठरावर येतो, तो मोठा राहिला तर सर्जनला जागाच दिसत नाही.

उलटीला 'नॉर्मल' म्हणणं

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली एक मुलगी. स्लीव्ह दुसऱ्या शहरात झालेली, सबमिशनसाठी चौथ्या आठवड्यातच हॉस्टेलवर परत आलेली. दोन लेक्चरच्या मधल्या सुट्टीत घाईघाईत मेसचा भात खायची, तो अडकायचा, उलटी व्हायची. मग भात सोडला, पोळीचे दोन घास, तेही बाहेर. शेवटी पाणीही ठरेना. वजन झपाट्याने उतरत होतं म्हणून ती मनातून खूश होती. ऑपरेशन झाल्याचं हॉस्टेलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं, कारण घरच्यांनी बजावलं होतं, 'कुणाला बोलू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी अडचण नको.' खोलीतल्या मैत्रिणीला वाटलं, अ‍ॅसिडिटी असेल. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातून पित्ताची गोळी आणि दोनदा ग्लुकोजचं सलाईन झालं. त्यानंतर ती बाथरूमला भिंत धरून जायला लागली.

आईने तिला आमच्याकडे आणलं तेव्हा ती दोन्ही पाय फाकवून, डुलत चालत होती. माझ्या टेबलामागे भिंतीवर कालनिर्णय आहे. तारीख वाच म्हटलं तर तिने एक डोळा हाताने झाकला आणि मग वाचली. दोन्ही डोळ्यांनी बघितलं की आकडे दोन-दोन दिसत होते. आजचा वार विचारला तर आईकडे बघत राहिली.

हे थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व संपल्याचं लक्षण. शरीरात त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. रोज उलट्या झाल्या आणि गोळ्याही बाहेर पडल्या की तो संपतो आणि मेंदूला इजा होते. त्यात थायमिन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिन ते पचवण्यात खर्च होतं आणि माणूस आणखी बिघडतो. आमच्या सर्जननी आधी शिरेतून थायमिन सुरू केलं, मग बाकी सगळं. एंडोस्कोपीत नळी मध्येच अरुंद झालेली निघाली, ती फुगा घालून रुंद केली. डोळे काही दिवसांत सुधारले. पाय सुधारायला कित्येक महिने गेले आणि ते वर्ष वाया गेलं.

पहिल्याच आठवड्यात एक फोन केला असता तर यातलं काही झालं नसतं. घास मोठा घेतला, नीट चावला नाही म्हणून एखादी उलटी होते, ती समजू शकते. पण दिवसभरात पाणीही ठरत नसेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. दोन-तीन दिवस रोज उलटी होत असेल तर 'उद्या बघू' म्हणू नका. पहिल्या काही आठवड्यांत ताप, पोटात किंवा खांद्यात दुखणं आणि बसल्या जागी नाडी १२० च्या वर असेल तर रात्र असली तरी निघा, टाक्यातून गळती असू शकते.

माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला मी एक कार्ड करायला लावते. लॅमिनेट करून मोबाइलच्या कव्हरमध्ये, पारदर्शक बाजूने दिसेल असं. त्यावर कोणतं ऑपरेशन, कधी झालं, सर्जनचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत: 'ग्लुकोज देण्याआधी थायमिन द्यावे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक देऊ नये.' गावाकडच्या डॉक्टरला समजावत बसायची ताकद आजारी माणसात नसते.

आणि खोलीत राहणाऱ्या एका तरी व्यक्तीला सांगा. सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही, नातेवाइकांना तर अजिबातच नाही. पण रात्री दोन वाजता तुम्हाला रिक्षात घालून नेणाऱ्या माणसाला तरी माहीत हवं. लपवा म्हणणाऱ्या आईवडिलांना मी बाहेर बसवून नाही, समोर बसवून हे सांगते.

मेसच्या आमटीवर भरवसा

"मॅडम, मी डाळ खाते ना रोज!" बरं. एकदा मेसची वाटीभर आमटी गाळणीतून ओतून बघा. गाळणीत दोन चमचे डाळ राहते, कढीपत्त्याची पानं आणि मिरची. बाकी पिवळं पाणी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि पोटात एका वेळी अर्धी-पाऊण वाटी मावते. ती जागा आमटी-भाताने भरली तर प्रथिनं जाणार कुठे? मग स्नायू झडतात, चक्कर येते, केस गळतात.

माझा हट्ट असा की ताटातलं प्रथिन आधी खायचं, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी. हॉस्टेलवर जमतं: इलेक्ट्रिक किटलीत उकडलेली अंडी, एका अंड्यात ६ ग्रॅम. पनीर १०० ग्रॅमला साधारण १८. सोयाबीनच्या वड्या कोरड्या ३० ग्रॅम भिजवल्या तर १५ ग्रॅम मिळतात, आणि मेसच्या मावशींना नीट सांगितलं तर त्या भाजीत टाकून देतात. सातूचं पीठ ताकात कालवून बाटलीत न्या. प्रोटीन पावडर वापरा, पण तिच्या जोरावर जेवण बंद करू नका. नवरात्राचे नऊ दिवस साबुदाणा खिचडीवर काढायचा विचार असेल तर ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष तरी तो सोडा. साबुदाणा चिकट, अडकणारा, आणि प्रथिनांच्या नावाने शून्य.

जेवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतातच. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. एरवी दिवसभर घोट-घोट, दीड ते दोन लिटर.

गोळ्या सोडणं

सहाव्या-आठव्या महिन्यात जीन्स सैल होते, फोटो छान येतात आणि गोळ्या बंद होतात. दर वेळी. 'आता काही त्रास नाहीये' हे कारण. त्रास नसतो कारण बी-१२ चा साठा उतरायला महिने, कधी वर्षं लागतात. आपल्याकडच्या शाकाहारी मुलांचं बी-१२ तर बरेचदा ऑपरेशनआधीच तळाशी असतं. हातापायांना मुंग्या येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. अमेरिकेत १३ ते १९ वयाच्या मुलांवर झालेला टीन-लॅब्स अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तीन वर्षांनी वजन सरासरी २७ टक्क्यांनी उतरलेलं होतं, पण ५७ टक्के मुलांमध्ये लोहाचा साठा कमी सापडला. पाळी येणाऱ्या मुलींनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मल्टिव्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम सायट्रेट, ड आणि बी-१२, हे आयुष्यभराचं काम आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. लोहाच्या गोळीवर चहा नको. मी लोह रात्री झोपताना आणि कॅल्शियम जेवणाच्या वेळांना लावून देते, कारण सकाळी आठच्या लेक्चरला पळणारा मुलगा सकाळची गोळी विसरतोच. रंगीत गमी चघळून हे भागत नाही, बहुतेक गमींमध्ये लोह नसतंच. औषधाच्या दुकानातली नुसती बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूलही पुरत नाही.

थोडक्यात, पण तेवढंच महत्त्वाचं

पाळीत पोट दुखलं म्हणून मैत्रिणीच्या पर्समधली वेदनाशामक गोळी घेऊ नका. बायपास झालेल्यांना, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती आतड्याला जोडलेल्यांना, त्याने त्या जोडावर अल्सर होतो, सिगारेटनेही होतो.

लग्नाच्या पंगतीत आग्रहाने वाढलेली जिलबी बायपासनंतर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब देऊ शकते. आग्रह करणाऱ्या काकूंना हात जोडून नाही म्हणा.

स्लीव्हमध्ये पोळी अडकते, पण मिल्कशेक, आइस्क्रीम, वेफर्स आणि चिवडा सरसर उतरतात. वजन परत येतं ते याच वाटेने. शॉर्टकट शोधणाऱ्यांना ही वाट सगळ्यात आधी सापडते.

दारू लवकर आणि जास्त चढते. गोव्याच्या ट्रिपला 'एकच ग्लास' घेऊन स्कूटर चालवू नका. व्यसन लागण्याचा धोकाही ऑपरेशननंतर वाढतो, विशेषतः दुसऱ्या वर्षापासून.

पीसीओडी असलेल्या मुलींची पाळी नियमित होते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते. पहिले बारा ते अठरा महिने गर्भ राहू नये. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञांना दुसरा उपाय विचारा. लग्न झालेलं नाही म्हणून हा प्रश्न विचारायला लाजू नका, आम्ही ओपीडीत तो रोज ऐकतो.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात. महागडं तेल नको.

पित्ताशयात खडे होऊ नयेत म्हणून सहा महिन्यांची गोळी दिली असेल तर ती दोन महिन्यांत बंद करू नका.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा हलत नाही, सगळ्यांचंच असं होतं. रोज वजन करू नका, आठवड्यातून एकदा पुरे. दुसऱ्याचं उतरलेलं वजन बघून स्वतःचं जेवण कमी करणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे.

वजन उतरतंय आणि तरी मन खचत चाललंय, एकटं वाटतंय, जीव नकोसा होतोय, तर तेही तपासणीला आल्यावर सांगा, त्याआधी फोन करा. मानसोपचारतज्ज्ञ आमच्या टीममध्ये याचसाठी असतात.

आणि ऑपरेशनची फाइल गावी आईच्या कपाटात ठेवू नका. नोकरीला बेंगळुरूला गेलात तरी तिची प्रत फोनमध्ये हवी. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दर वर्षी तपासण्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक). मी मुलांना या तपासण्या दिवाळीला घरी जायच्या आधीच्या आठवड्यात करून घ्यायला सांगते, म्हणजे रिपोर्ट घेऊन सुट्टीतच ओपीडीत येता येतं आणि लेक्चर बुडत नाही.