लिंगाला बाक येऊ लागला तर काय करावे : पेरोनी आजार

लिंग ताठ झाल्यावर वर किंवा एका बाजूला वाकते, आत कडक गाठ हाताला लागते, दुखतेही. बहुतेकांना हे पन्नाशीच्या आसपास जाणवते आणि मनात पहिली शंका कॅन्सरची येते. हा कॅन्सर नाही, संसर्ग नाही आणि हस्तमैथुनाचा परिणाम तर मुळीच नाही. फ्रेंच शल्यवैद्य फ्रांस्वा द ला पेरोनी यांनी १७४३ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून हा पेरोनी आजार.

लिंगात रक्त भरणाऱ्या दोन नळ्यांभोवती चिवट, ताणले जाणारे आवरण असते. संभोगात बसलेल्या बारीकसारीक मुक्या मारानंतर काहींच्या आवरणात व्रणासारखा कडक पट्टा तयार होतो; हाताला लागणारी गाठ ती हीच. ताठरतेत बाकीचे आवरण ताणते, पट्टा ताणत नाही. म्हणून लिंग त्याच बाजूला वळते. असा मार अनेकांना आठवतही नाही. मधुमेह असला किंवा तळहाताखालचा पडदा जाड होऊन बोटे आखडत असली, तर शक्यता वाढते.

आधी नोंद ठेवा. बाक कधी दिसला, दुखते का, ताठरता कमी झाली का, हे लिहून ठेवा. ताठ अवस्थेतला फोटो वरून आणि बाजूने काढा. लाज वाटेल, पण तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना बाक दिसत नाही. फोटोवरून तो किती अंशांचा आहे ते कळते.

मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा, लवकर जा. भिंतींवर ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ रंगवणाऱ्यांकडे घालवलेले महिने फार महागात पडतात. डॉक्टर गाठ हाताने तपासतात, गरज पडली तर इंजेक्शनने ताठरता आणून सोनोग्राफी करतात. त्यानंतर घरी आल्यावरही ताठरता चार तास उतरली नाही, तर तातडीने रुग्णालयात जा.

आजार कोणत्या टप्प्यात आहे ते समजून घ्या. सगळे उपचार यावर ठरतात. पहिल्या टप्प्यात वेदना असते आणि बाक बदलत राहतो. हा काळ वर्षभर, कधी दीड वर्षही चालतो. तेव्हा वेदनाशामक गोळ्या देतात, काहींना लिंग हलके ताणून धरणारे उपकरण वापरायला सांगतात. शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी, दुखणे कमी होऊ शकते, बाक सरळ होत नाही. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

पुढे वेदना थांबते, बाक स्थिर होतो. बाक किरकोळ असेल आणि संभोगाला अडचण नसेल, तर काहीच करू नये, असे माझे ठाम मत आहे. अडचण असेल तर गाठीत इंजेक्शने देता येतात. अमेरिकेत २०१३ मध्ये कोलॅजिनेज या पट्टा विरघळवणाऱ्या औषधाला यासाठी मान्यता मिळाली, किमान ३० अंशांच्या बाकासाठी. तिथेही लिंगाचे आवरण फाटण्याचा दुर्मीळ धोका सांगूनच ते देतात.

शस्त्रक्रियेची घाई नको. बाक किमान तीन ते सहा महिने बदललेला नसावा. विरुद्ध बाजूला टाके घालून लिंग सरळ करतात, पण लांबी थोडी कमी होते. बाक मोठा असेल तर पट्टा कापून तिथे कलम, म्हणजे दुसऱ्या ऊतीचा तुकडा, लावतात. त्यात ताठरता कमी होण्याचा धोका अधिक. औषधांनीही ताठरता येत नसेल, तर कृत्रिम रोपण, म्हणजे लिंगात ताठरता देणारे साधन बसवणे, हा पर्याय असतो. यातले काय निवडायचे ते बायकोशी बोलून ठरवा. आपल्यात काही कमी पडले का, असे तिलाही वाटत असते.

संभोगाच्या वेळी कट् असा आवाज येऊन ताठरता झटकन गेली आणि सूज, काळेनिळेपणा आला, तर ते वेगळेच प्रकरण आहे : आवरण फाटलेले असू शकते. सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.