मे महिना, खारी टाकी आणि कॉम्प्युटरचा पंखा

वाशीतल्या आमच्या हॉलमध्ये ६० लिटरच्या, समुद्री मासे ठेवलेल्या खाऱ्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी ३१ अंशांवर जायचं. क्लाउनफिश वर येऊन धापा टाकायचे. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो ना. आधी बर्फाच्या बाटल्या सोडल्या. तासाभरात ३ अंश खाली, संध्याकाळी परत वर. हा झोका तर उष्म्याहून वाईट.

शेवटी काचेचं झाकण काढून जाळी टाकली, कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा पाण्यावर तिरका बसवला, दिवे रात्री लावू लागलो. पाणी २८च्या आसपास थांबलं. मात्र रोज लिटरभर उडतं. भर आरओच्या गोड्या पाण्याचीच घालायची. मीठ टाकीतच राहतं, वर खारं ओतलं तर क्षारता चढते. (मी एकदा ओतून बसलोय.) पावसाळी दमट हवेत मात्र पंख्याचा जोर ओसरतो.