कोल्हापुरात नोकरीला येताय? खोलीआधी ईएसआयचं बघा

मी मूळचा परभणीकडचा. डाव्या पायाला कॅलिपर आहे. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या स्टोअरला लागलो आणि इथलाच झालो. आपल्यातली, म्हणजे दिव्यांग, नवीन पोरं येण्याआधी फोन करतात आणि पहिला प्रश्न खोलीचा. खोली मिळते हो, तळमजल्याची मागा म्हणजे झालं. मी उलट विचारतो, युडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, आहे का?

ते गावाकडूनच काढून आणा. देशभर चालतं. पिवळं म्हणजे ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढं, निळं म्हणजे ८० पासून पुढं; पांढऱ्यावर फारसं काही पदरात पडत नाही. इथं काढायचं तर अर्जाला राहत्या जिल्ह्याचा पुरावा लागतो आणि तपासणीला सीपीआर गाठावं लागतं. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय असं पूर्ण नाव कुणी घेत नाही, रिक्षावाल्याला सीपीआर म्हणा.

आता मुद्द्याचं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात लागलात तर ईएसआय, म्हणजे कामगारांची सरकारी विमा योजना, लागू होते. खासगी मेडिक्लेमवाले आपला फॉर्म बघूनच तोंड फिरवतात. इथं आधीचा आजार, जुनं ऑपरेशन असलं काही विचारत नाहीत. कामाला लागल्या दिवसापासून उपचार, तुम्हाला आणि घरच्यांनाही. तुमच्या पगारातून कापतात ०.७५ टक्के, मालक भरतो ३.२५.

खरी गोची होते पगारवाढीला. पगार २१ हजारांच्या वर गेला की कॉन्ट्रॅक्टरचा माणूस सांगतो, 'तुमचं ईएसआय बंद झालं.' माझ्याबरोबरच्या एकानं याच भीतीनं वाढ नको म्हणून सांगितलं होतं! २१ हजारांची मर्यादा बाकीच्यांना. दिव्यांग कामगाराला ती २५ हजार आहे. मात्र ईएसआयच्या नोंदीत तुमचं दिव्यांगत्व चढलेलं पाहिजे, नाहीतर कॉम्प्युटरला तुम्ही चारचौघांसारखेच. म्हणून जॉइन होतानाच युडीआयडीची झेरॉक्स द्या, पोच घ्या आणि पुढच्या महिन्याची पगारस्लिप बघा. २३ हजार पगाराला १७३ रुपये कापलेले दिसले की समजा, चालू आहे. ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत. फाउंड्रीत ओव्हरटाइम भरपूर, तेव्हा हेही सांगायला कचरू नका.

मालक कुरकुरला तर त्याच्या फायद्याचं बोला. दिव्यांग कामगाराचा मालकाचा हिस्सा केंद्र सरकार भरतं, अशी योजना २००८ पासून आहे. आधी ३ वर्षांपुरती होती, २०१६ पासून १० वर्षं झाली. इथल्या बऱ्याच एचआरवाल्यांना हे ऐकूनही माहीत नसतं.

आणि पगार २५ हजारांवर गेलाच तरी लगेच दार बंद होत नाही. वर्गणीचे सहा-सहा महिने असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मे महिन्यात वाढ मिळाली तर सप्टेंबरपर्यंत कपात चालूच राहते, आणि त्या काळात किमान ७८ दिवस भरले असतील तर उपचार पुढच्या जूनपर्यंत मिळतात. आजारपणाच्या रजेलाही हेच ७८ दिवस बघतात. वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो.

छोट्या वर्कशॉपात किंवा हुपरीत चांदीकामाला लागलात तर बहुधा ईएसआय नसेलच. मग महात्मा फुले जनआरोग्य योजना. आता ती कुठल्याही रंगाच्या रेशनकार्डाला चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या दवाखान्यात शिरलात की आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल शोधा, डॉक्टर नंतर. पण ही योजना मोठ्या उपचारांची. रोजच्या गोळ्या, फिजिओथेरपी तिच्यातून निघत नाही.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा 'निरामय' विमा वेगळा काढा. रक्कम १ लाखाचीच, पण ओपीडी आणि थेरपीसुद्धा त्यात बसते, शिवाय आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. कॅलिपर, व्हीलचेअरची अडचण असेल तर हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डमध्ये जाऊन विचारा. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली ही इथलीच संस्था.