जुन्या खुर्चीला सोलापुरी चादर

आजोबांच्या सागवानी खुर्चीचं जुनं कापड टराटरा फाडू नका. खिळे एकेक उपसून ते अख्खं काढा, नवं बेतायला तोच नमुना. सोलापुरी चादर यासाठी झकास: सुती, जाड, नक्षी जेकार्ड मागावर कापडातच विणलेली, छापासारखी उडत नाही. पण कापण्याआधी धुऊन वाळवा. मी आळस केला आणि पहिल्याच धुण्यात कापड आटलं, बोटभर तोकडं!

आपल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून सांधे कुरकुरतात. ते आधी बघा. जुना सरस खरवडून नवा लावा, रात्रभर सुतळीने आवळून ठेवा. मगच कापड. नक्षीतलं फूल बैठकीच्या मध्यावर धरून चारही बाजूंच्या मधोमध एकेक खिळा ठोका, तिथून कोपऱ्यांकडे सरका. कोपरे शेवटी.