माउडेन : ॲम्स्टरडॅमजवळचे किल्ल्याचे गाव एका दिवसात कसे पाहावे

ॲम्स्टरडॅमच्या पूर्वेस सुमारे 15 किलोमीटरवर फेख्त नदीच्या मुखाशी माउडेन हे लहानसे गाव आहे. तेथील किल्ला नीट समजावा असे वाटत असेल, तर थेट किल्ल्याच्या दारात न जाता आधी नदीवरील जलद्वारापाशी जावे, कारण या गावाचा सारा इतिहास पाण्यावर ताबा ठेवण्याचा आहे.

आगगाडीने वेस्प स्थानकावर उतरून तेथून बस धरावी किंवा भाड्याची सायकल घेऊन फेख्तच्या काठाने जावे. रस्ता सपाट आहे, मात्र समोरून वारा असला की तो चढासारखा जाणवतो. गाडीत व बसमध्ये बँकेचे स्पर्शविरहित कार्ड चालते. उतरताना ते पुन्हा यंत्राला लावायला विसरू नये, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात.

गावाच्या मध्यभागी असलेले मोठे सागरी जलद्वार सतराव्या शतकातील आहे. 1672 मध्ये फ्रेंच सैन्य चालून आले तेव्हा डचांनी मुद्दाम शेते पाण्याखाली घालून हॉलंड वाचवले आणि मुद्दाम बुडवलेल्या त्या पट्ट्याच्या, म्हणजे जलरेषेच्या, उत्तर टोकाला माउडेन होते. गुडघाभर पाण्यातून पायदळाला धड चालता येत नाही आणि त्यावर नावाही नीट चालत नाहीत, एवढाच त्यामागचा साधा हिशेब होता. जलद्वाराच्या काठावर अर्धा तास तरी बसावे. दरवाजे मिटतात, आतली पातळी हळूहळू बदलते आणि शिडाच्या नौका एकामागून एक पुढे सरकतात.

मग किल्ला पाहावा. सह्याद्रीतले गड चढलेल्या माणसाला माउडरस्लॉट हा इथला किल्ला अगदीच आटोपशीर वाटेल. हा विटांचा भुईकोट असून त्याला चार कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि भोवती पाण्याने भरलेला खंदक आहे. हॉलंडचा काउंट पाचवा फ्लोरिस याने 1285 च्या सुमारास, उट्रेख्टकडे जाणाऱ्या व्यापारावर नजर ठेवता यावी म्हणून, तो बांधला. 1296 मध्ये त्याच्याच सरदारांनी कट करून त्याला पकडले आणि त्याच्याच किल्ल्यात कोंडले. काही दिवसांनी त्याला बाहेर हलवत असताना शेतकरी आडवे आले, तेव्हा कटवाल्यांनी त्याला जागीच ठार केले. तो किल्ला लवकरच पाडला गेला. आज उभी असलेली वास्तू त्याच जागी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारलेली आहे, त्यामुळे फ्लोरिसची कोठडी म्हणून काही दाखवले गेले तर थोडा संशय धरलेला बरा.

दालने पाहताना मात्र घाई करू नये. कवी व इतिहासकार पी. सी. होफ्ट 1609 पासून 1647 मध्ये मृत्यू येईपर्यंत येथील ड्रोस्ट, म्हणजे स्थानिक कारभार पाहणारा अधिकारी, होता. उन्हाळ्यात तो किल्ल्यात राही आणि कवी, विद्वान व संगीतकार मित्रांना पाहुणचाराला बोलावी. सतराव्या शतकाच्या वळणाने सजवलेल्या त्या खोल्या आणि बाहेरची औषधी वनस्पतींची बाग मला बुरुजांपेक्षा अधिक बोलक्या वाटल्या. पुढे 1825 मध्ये किल्ला पाडण्यासाठी विकण्याचे घाटत होते. राजा पहिला विल्यम याच्या हस्तक्षेपामुळे तो वाचला आणि 1878 पासून संग्रहालय म्हणून खुला आहे. बुरुजांचे जिने अरुंद व गोलाकार असल्याने ज्येष्ठांनी तळमजला आणि बागेवर समाधान मानावे.

जेवणासाठी जलद्वाराजवळ उपाहारगृहे आहेत. शाकाहारी मंडळींनी चीजचा भाजलेला टोस्ट मागवावा. हिवाळ्यातील वाटाण्याच्या दाट सूपमध्ये बहुधा डुकराचे मांस असते, म्हणून आधी विचारून घ्यावे.

हाताशी वेळ असल्यास पाम्पुस या कृत्रिम बेटावरचा किल्ला पाहावा. ॲम्स्टरडॅमच्या संरक्षणासाठी 1895 मध्ये तो पूर्ण झाला, पण त्याच्या तोफा युद्धात कधीच डागल्या गेल्या नाहीत. बेटाकडची बोट हंगामातच सुटते आणि माउडरस्लॉटचे सुट्टीचे वारही ऋतूप्रमाणे बदलतात. दोन्हींच्या वेळा निघण्यापूर्वी संकेतस्थळावर पाहून, बोटीची वेळ आधी ठरवावी आणि माउडरस्लॉटची फेरी तिच्या मागेपुढे बसवावी.